टर्बोचा जनक आल्फ्रेड ब्यूखी, आणि चढाला दमणारी जुनी डिझेल गाडी

जुन्या डिझेल गाडीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. सपाटीला बरी चालते, पण चढाला ओढत नाही. आमच्या बीड जिल्ह्यात ही तक्रार लपून राहत नाही. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की पालीच्या पुढे घाट लागतो, आणि घाट चढून बालाघाटच्या पठारावर आलात की मांजरसुंबा. इथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे फुटतो, एक पाटोद्याकडे. ज्या गाडीचा टर्बो नीट काम करतो ती हा घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरामात चढते. ज्या गाडीला बूस्ट मिळत नाही तिला उसाचे ट्रकसुद्धा मागून हॉर्न देतात.

अशा वेळी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: टर्बो गेला, बदलून टाका. आणि हा खर्च साधा नसतो. जुन्या गाडीची जी किंमत उरलेली असते, तिचा चांगलाच मोठा हिस्सा एका टर्बोत जाऊ शकतो. म्हणून आज टर्बो म्हणजे काय हे पुस्तकी व्याख्येतून न सांगता, तो ज्याने शोधला त्या माणसाच्या आयुष्यातून सांगतो. त्याची वीस वर्षं कशात गेली हे कळलं की कमी बूस्टचं निदान कुठून सुरू करायचं तेही कळतं.

विंटरथूरचा मुलगा

आल्फ्रेड ब्यूखीचा जन्म 11 जुलै 1879 चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा. हे गाव म्हणजे त्या काळचं तिथलं पिंपरी-चिंचवड समजा. सुल्झर ही मोठी यंत्रकंपनी इथलीच, आणि आल्फ्रेडचे वडील त्याच कंपनीत वरच्या पदावर होते. घरात जेवताना सुद्धा इंजिनाच्याच गप्पा होत असणार.

यात एक गमतीचा योगायोग आहे. आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी म्युनिकचा एक विद्यार्थी टायफॉइडमुळे शेवटच्या परीक्षेला बसू शकला नाही. मधला वेळ वाया जाऊ नये म्हणून तो कामाचा अनुभव घ्यायला विंटरथूरला, सुल्झरच्याच कारखान्यात आला. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. म्हणजे डिझेल इंजिनाचा जनक ज्या गावात फाईल घासत होता, त्याच गावात टर्बोचा जनक पाळण्यात होता. पुढे 1893 मध्ये सुल्झरने डिझेलशी करार केला आणि 1898 मध्ये त्यांचं पहिलं डिझेल इंजिन चालू झालं. तेव्हा आल्फ्रेड एकोणीस वर्षांचा होता.

दुसऱ्याच वर्षी त्याने झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशाळेत, म्हणजे आजच्या ईटीएचमध्ये, यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. 1903 मध्ये पदवी घेऊन तो बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरीला गेला. तिथे त्याच्या डोक्यात एकच हिशोब घोळायला लागला.

हिशोब उष्णतेचा होता. इंजिनात जे इंधन जळतं त्यातली सगळी ऊर्जा चाकाला मिळत नाही. मोटामोटी तीन वाटे पडतात: एक कामाला येतो, एक पाण्यातून म्हणजे कूलिंगमधून जातो, आणि एक सायलेन्सरमधून गरम धूर म्हणून बाहेर पडतो. हा शेवटचा वाटा ब्यूखीला सहन होईना. धूर नुसता गरम नसतो, त्याला दाबही असतो. मग त्या दाबावर एक पंखा फिरवला, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवला, आणि त्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबली तर?

हवा जास्त म्हणजे तेवढ्याच सिलेंडरमध्ये जास्त इंधन नीट जळणार. इंजिन तेवढंच, ताकद जास्त, आणि ती फेकून दिलेल्या धुरातून आलेली. 16 नोव्हेंबर 1905 ला या कल्पनेचं जर्मन पेटंट त्याच्या नावावर नोंदवलं गेलं. वय 26. मी स्वतः याच वयाच्या आसपास आहे आणि माझ्या नावावर अजून एक साधं ॲपसुद्धा नाही, पण ते असो.

कागदावर बरोबर, इंजिनावर नाही

आजच्या भाषेत ब्यूखीचं 1905 चं पेटंट म्हणजे डेमो होता, प्रॉडक्ट नव्हे. त्यात कॉम्प्रेसर, पिस्टन इंजिन आणि टर्बाइन तिन्ही एकाच दांड्यावर होती. कल्पना बरोबर, पण बनवायची कशी? तेव्हाचे कॉम्प्रेसर आणि टर्बाइन इतके कच्चे होते की धुरातून मिळालेली बहुतेक ताकद ते स्वतःच खाऊन टाकत. शिवाय भट्टीसारख्या गरम धुरात फिरणाऱ्या पात्यांना टिकेल असा धातू मिळणंही अवघड होतं.

पुढे तो सुल्झरमध्ये परतला आणि 1911 पासून तिथे प्रयोगासाठी टर्बोचं इंजिन उभं राहिलं. चाचण्या होत राहिल्या, पण विकता येईल असं यंत्र काही तयार होईना. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या पेट्रोल इंजिनांवर टर्बो बसवायला सुरुवात केली. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो, ही त्यांची अडचण होती. मॉसने तर 1918 मध्ये विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन चालवून दाखवलं. ब्यूखीचं ध्येय वेगळं होतं. त्याला जहाजाचं, वीजघराचं, रोज तासन् तास चालणारं डिझेल इंजिन सुधारायचं होतं. दिखाऊ काम नव्हतं ते, आणि म्हणून हळू चाललं.

अडचण नेमकी कुठे होती? पात्यांत होतीच, पण एक अडचण पात्यांच्या बाहेर होती. पाइपांमध्ये.

सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा धूर शांतपणे वाहत नाही, झटक्याने सुटतो. सगळ्या सिलेंडरांचे हे झटके एकाच मोठ्या पाइपात सोडले तर ते एकमेकांत मिसळून मरतात. त्याहून वाईट म्हणजे एका सिलेंडरचा झटका दुसऱ्या सिलेंडरच्या तोंडावर जाऊन त्याचा धूर बाहेर पडू देत नाही. ब्यूखीने 1925 मध्ये जे पेटंट घेतलं त्यात याचं उत्तर होतं. अरुंद आणि वेगवेगळे पाइप ठेवायचे, आणि सिलेंडरांचे गट असे पाडायचे की एकाचा झटका दुसऱ्याच्या वाटेत येणार नाही. सोबत दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवायचे, म्हणजे ताजी हवा आत येताना उरलेला धूर ढकलून बाहेर काढते. याला पल्स पद्धत म्हणतात आणि इंजिनवाले आजही ब्यूखीचं नाव तिच्याशी जोडतात.

त्याच सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजं तयार झाली, प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिग. त्यांच्या दहा सिलेंडरांच्या मान कंपनीच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीच्या देखरेखीखाली टर्बो बसले. टर्बोशिवाय जे इंजिन 1750 अश्वशक्ती देत होतं, ते 2500 देऊ लागलं. म्हणजे त्याच इंजिनातून 40 टक्क्यांहून जास्त वाढ. पहिल्या पेटंटपासून इथपर्यंत यायला वीस वर्षं गेली.

मांजरसुंब्याच्या काकांची गाडी

आता या गोष्टीचा आपल्याशी संबंध कसा ते सांगतो.

माझ्या वडिलांचे मावसभाऊ मांजरसुंब्याला राहतात. त्यांची 2011 ची डिझेल सेडान आहे, आणि तीच त्यांची रोजीरोटी. दवाखान्याचं भाडं, लग्नाचं भाडं, लातूर-बीड फेऱ्या. गेल्या उन्हाळ्यात गाडी घाटात मरायला लागली. इंजिनचा पिवळा दिवा लागला, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी वर येईना. एका ठिकाणी दाखवली तर न उघडताच टर्बो बदला म्हणाले आणि खर्च सांगितला 38 हजार. काकांकडे तेवढे पैसे होते, पण ते चुलत बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले. काकू म्हणाली, गाडी विकून टाका. काका काही बोलेनात. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, बॅगेत ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल होतं. म्हटलं, काका, आधी गाडीलाच विचारू या ना.

हे डोंगल स्टीअरिंगच्या खालच्या सॉकेटला लागतं आणि फोनवरच्या ॲपला गाडीचे आकडे देतं. पहिली गोष्ट, एरर कोड. पी 0299 आला. हा कोड अंडरबूस्टचा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा कोड टर्बो खराब आहे असं म्हणत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही ते शोधायचं काम आपलं.

दुसरी गोष्ट, दाब मोजणारा सेन्सर खरं बोलतोय का? यासाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती फोनचीच आहे. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये बॅरोमीटर असतो. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. आता मॅनिफोल्डमध्ये फक्त बाहेरची हवा आहे, म्हणून ॲपमधला इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर आणि फोनचा बॅरोमीटर यांचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. फोन हेक्टोपास्कलमध्ये दाखवतो, गाडी किलोपास्कलमध्ये, म्हणून फोनचा आकडा दहाने भागायचा. काकांच्या अंगणात फोनवर 934 आला आणि गाडीत 93. म्हणजे सेन्सर ठीक. तुमच्या गाडीत इथेच मोठा फरक दिसला तर सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो गेला आहे. तसं असेल तर टर्बोला हात लावायचं कारणच नाही.

हा 93 का, 100 का नाही, असं कोणी विचारेल. मांजरसुंबा पठारावर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो. हेच पाइक्स पीकचं गणित, लहान प्रमाणात.

तिसरी गोष्ट, चालत्या गाडीचा लॉग. काका चालवत होते, मी शेजारी बसून रेकॉर्डिंग लावलं. कृपया गाडी चालवताना फोन बघू नका, ॲपमध्ये लॉग सेव्ह होतो, नंतर बघता येतो. मोकळा चढ बघून तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. या वयाच्या बहुतेक कॉमन रेल गाड्यांत 2500 आरपीएमपर्यंत दाब 200 च्या आसपास पोचायला हवा. इथे अनेकांचा गोंधळ होतो: हा आकडा बाहेरच्या हवेसकटचा असतो. 200 मधून 93 वजा करा, उरले 107. तेवढंच टर्बोचं काम, ज्याला गॅरेजमध्ये एक बार बूस्ट म्हणतात. काकांच्या गाडीचा आकडा 125 च्या पुढे सरकेना. म्हणजे टर्बो जेमतेम फिरत होता, पण त्याला कोणी नीट हाकत नव्हतं.

आमच्याकडे ठिबक करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. शेवटच्या ड्रीपरला पाणी येत नसेल तर तो लगेच मोटर बदलत नाही. आधी लाइन फिरून बघतो, कुठे पाइप फुटलाय, कुठे जोड निसटलाय, फिल्टर तुंबलाय का. टर्बोचंही तेच, फक्त लाइन बॉनेटखाली असते. ब्यूखीनेही पाती सोडून पाइपांकडे वळूनच बाजी मारली होती.

तर इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन आम्ही लाइन फिरलो. एअर फिल्टर काढून पाहिला, बरा होता. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा. गळती असेल तर जोडावर तेलकट ओल दिसते, कारण टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असते, आणि चालवताना बॉनेटखालून फुस्स असा आवाज येतो. इथे सगळं कोरडं होतं. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तिथे गळती असेल तर काजळीचा काळा पट्टा उमटतो आणि टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच धुराची ताकद निघून जाते. पट्टा नव्हता.

राहिला ॲक्च्युएटर. काकांच्या गाडीच्या टर्बोत धुराची वाट अरुंद-रुंद करणारी हलती पाती आहेत. कमी आरपीएमला वाट अरुंद केली की धूर जोरात लागतो आणि टर्बो लवकर जागा होतो. ही पाती एका बारीक दांडीने हलतात आणि ती दांडी व्हॅक्यूमवर चालते. अशा गाड्यांत इंजिन सुरू होताच दांडी आत ओढली जायला हवी. मी दिवा धरला, काकांनी स्टार्टर मारला. दांडी जागची हलली नाही.

दोन शक्यता. एकतर पाती काजळीने जाम झालीत, किंवा व्हॅक्यूमच पोचत नाही. ॲक्च्युएटरचा बारीक रबरी पाइप हाताने चाचपत मागे गेलो, तर वळणाजवळ उष्णतेने कडक होऊन तो चिरला होता. तुटलेला नाही, नुसता चिरलेला, म्हणून वरवर बघून कळत नव्हता. काका चौकातल्या दुकानातून त्याच मापाचा पाइप घेऊन आले, शंभराच्या आत. लावला, स्टार्टर मारला, दांडी आत गेली. त्याच चढावर पुन्हा लॉग घेतला: 204.

काकू पहिल्यांदा हसली. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो मात्र मजेशीर होता: हे टर्बो काढलं कोणी म्हणायचं?

प्रत्येक गाडीत पाइपच निघेल असं नाही. टर्बोतून शिट्टीसारखा मोठा आवाज येत असेल, निळा धूर निघत असेल, इंटरकूलरच्या पाइपात तेल साचलं असेल, तर गाडी बंद करून टो करा. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन अनावर पळू शकतं, आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी टर्बो खरंच दुरुस्त करावा लागतो. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबणं, बूस्ट सांभाळणारा सोलेनॉइड बिघडणं हीसुद्धा कारणं असतात. कुणाच्याही गाडीत चालणारा एकच क्रम नाही, पण स्वस्त गोष्ट आधी बघायला कोण अडवतंय?

पुढचा ब्यूखी

जहाजांच्या यशानंतर ब्यूखी सुल्झरमधून बाहेर पडला. त्याने आपल्या नावाचं सिंडिकेट काढलं. त्यात ब्राऊन बोव्हेरी ही स्विस कंपनी टर्बो बनवणार, विंटरथूरचा रेल्वे इंजिनांचा कारखाना इंजिनांवर चाचण्या घेणार, आणि डिझाइन व गिऱ्हाइकं ब्यूखी सांभाळणार. थोडक्यात, चाळिशी ओलांडल्यावर त्याने आपलं स्टार्टअप काढलं. कंपन्यांना परवाने दिले, जहाजांवर टर्बो पसरला, वीजघरांत गेला, रेल्वेत गेला. 1938 मध्ये सौरर या स्विस कंपनीने ट्रकच्या डिझेल इंजिनाला टर्बो दिला.

आपल्याकडे सामान्य माणसाला टर्बो दिसला तो रेल्वेत, जरी कुणाला नाव माहीत नसलं तरी. 1962 पासून आलेली आणि 1964 पासून वाराणसीत बनू लागलेली डब्ल्यूडीएम-2 ही 2600 अश्वशक्तीची इंजिनं टर्बोची होती. गाडी स्टेशनातून सुटताना ती काळ्या धुराचा लोट सोडायची ते आठवतं का? परळीच्या स्टेशनात लहानपणी मी तो बघत उभा राहायचो. ड्रायव्हर इंधन वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. याला टर्बो लॅग म्हणतात. तुमची गाडी चढाला सतत काळा धूर सोडत असेल तर तिथेही हवाच कमी पडते आहे, फक्त ती काही सेकंदांनी भरून येत नाही.

आल्फ्रेड ब्यूखी 27 ऑक्टोबर 1959 ला विंटरथूरलाच वारला, ऐंशी वर्षांचा होऊन. तोपर्यंत मोठं जहाज म्हटलं की टर्बो गृहीत धरला जात होता. साध्या डिझेल कारमध्ये मात्र त्याने तो कधीच पाहिला नाही. बाजारात विकायला आलेली पहिली टर्बो डिझेल कार मर्सिडीजची 300 एसडी, 1978 ची, आणि तीही आधी अमेरिकेसाठी. त्यानंतर दोन दशकांत कॉमन रेल आलं, हलत्या पात्यांचे छोटे टर्बो आले, आणि ते भाड्याच्या गाड्यांतून मांजरसुंब्याच्या चौकात पोचले. काकांनी जुना चिरलेला पाइप फेकला नाही, डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. कोणी टर्बो बदला म्हणालं की काढून दाखवतात.